पंचायतीच्या कपाटातल्या ३८ चोपड्या

२० जुलै २०२३. एका विद्यार्थिनीच्या रहिवासी दाखल्यासाठी मी पंचायतीत गेले होते. आमचं गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अंगाला. जुलैत इथं पाऊस लागला की आठ-आठ दिवस उघडीप नसते. कचेरीच्या मागच्या खोलीतलं कौल सरकलं होतं आणि थेंब पडत होते ते थेट एका लाकडी कपाटावर. कपाटाचं दार फुगून अर्धवट उघडं राहिलेलं. आत लाल कापडात बांधलेले रुमाल, त्यांच्या खाली उभ्या-आडव्या चोपड्या. सगळ्यात वरची मी उचलली तर तिची पाठ माझ्या हातात आली आणि चोपडी तिथंच राहिली.

पहिल्या पानावर मोडीत काहीतरी लिहिलं होतं आणि खाली बाळबोधीत सन १९४३. ते गावपंचायतीचं प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या ठरावांची चोपडी होती.

मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. कागद जतन करण्याचं कसलंही शिक्षण मी घेतलेलं नाही. आमच्यासारख्या गावात कुणाला हे काम हाती घ्यायचं असेल तर सुरुवात कुठून करायची हे कळावं, म्हणून सगळं क्रमानं लिहिते आहे. वीस महिने लागले. त्यातले प्रत्यक्ष कामाचे दिवस वीससुद्धा नाहीत.

पहिला अर्ज २४ जुलैला दिला, मराठीत. तो कन्नडमध्ये लिहून आणा म्हणून परत आला. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. घरी येऊन तो कागद मी तसाच टेबलावर ठेवला आणि दोन दिवस हात लावला नाही. मग शाळेतल्या कन्नडच्या सरांनी तोच मजकूर कन्नडमध्ये लिहून दिला, मीच खाली सही केली, पोच घेतली. पोच घ्यायला विसरू नका. शिक्का, तारीख, आवक क्रमांक, तिन्ही. पुढं दीड महिना उत्तर आलं नाही. विचारायला गेलं की 'नाळे बन्नी', उद्या या.

४ सप्टेंबरला माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर. कर्नाटकात या अर्जाला १५० शब्दांची मर्यादा आहे आणि एका अर्जात एकच विषय चालतो, त्यामुळे मी फक्त एवढंच मागितलं: १९९३ पूर्वीच्या ठरावाच्या चोपड्या व हिशेबाची रजिस्टरं प्रत्यक्ष पाहू द्यावीत. माहिती म्हणजे केवळ झेरॉक्स नव्हे, कागद बसून पाहण्याचा हक्कही त्यात येतो. शिवाय त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात प्रत्येक कार्यालयानं आपल्या दप्तराची सूची करून ते नीट लावून ठेवावं असं सांगितलेलं आहे. तेवढं एक वाक्य मी अर्जात घातलं. २९ सप्टेंबरला उत्तर आलं, येऊन पाहा.

दसऱ्याच्या सुट्टीत, १० ऑक्टोबरला, मी आणि कन्नडचे सर दोघं गेलो. त्या दिवशी एका गोष्टीमुळं सगळं काम मार्गी लागलं. आम्ही फोटो काढायची घाई केली नाही, यादी केली. चोपडीला क्रमांक, बाहेर काय लिहिलंय, पहिली तारीख, शेवटची तारीख, पानं किती, लिपी कोणती, अवस्था कशी. ३८ चोपड्या भरल्या. १४ ठरावांच्या, बाकी रोजच्या जमाखर्चाची कीर्द, घरपट्टीची आकारणी आणि मागणी, आवक-जावक. १९५१ ते १९५४ ची ठरावाची चोपडी नव्हती, तिथं यादीत 'नाही' असं लिहिलं. यादीच्या दोन प्रती केल्या आणि दोन्हींवर पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) सरांची सही घेतली.

आधी यादी, मग बाकीचं सगळं. हे मी पुन्हा सांगते, कारण गावात दोन्ही बाजूंनी भीती होती. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्यामुळं जुना मराठी कागद म्हटला की इथं प्रत्येकाचे कान टवकारतात. आमच्या माणसांना वाटायचं, कागद कचेरीत राहिले तर एक दिवस रद्दीत जातील. कचेरीला वाटायचं, बाई कागद बाहेर नेऊन कुठंतरी वापरतील. सही केलेली यादी दोघांच्याही हातात गेल्यावर आवाज खाली आले. एक चोपडी कमी झाली तरी कुणालाही कळणार होतं.

२० डिसेंबरच्या मासिक सभेत विषय आला. मला बाहेर बाकावर बसवलं होतं. आत एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले ते दारातून ऐकू आलं, "कागद एकदा भायेर गेले की परत येत न्हाईत. आमी बगितलंय." नंतर मला आत बोलावलं. मी सांगितलं की काका, एकही पान या कचेरीच्या बाहेर जाणार नाही, कॅमेरा इथं येईल. मग ठराव झाला, अटी घालून: काम कार्यालयीन वेळेत, कारकुनाच्या समोर, मूळ कागद बाहेर न्यायचे नाहीत, पंचायतीचा खर्च शून्य. चौथ्या अटीनं काळजात धस्स झालं, पण पहिल्या तीन मला हव्याच होत्या. ठरावाची नक्कल पीडीओ सरांनी तालुका पंचायतीलाही पाठवली. ती पाठवून घ्या. पुढं अधिकारी बदलला तर तोच कागद तुमच्या बाजूनं उभा राहतो.

कार्यालयीन वेळ म्हणजे माझ्यासाठी शनिवार दुपार. आमची शनिवारी सकाळची शाळा असते, आणि दुसरा-चौथा शनिवार कचेरी बंद. म्हणजे महिन्याला दोन दुपारी.

६ जानेवारी २०२४ पासून साफसफाई सुरू केली. कचेरीच्या पडवीत टेबल, त्यावर धुऊन खळ काढलेलं मांजरपाट. तोंडाला मास्क लावाच. जुन्या बुरशीची धूळ छातीत जाते, पहिल्या दिवशी मी नुसता पदर बांधला आणि रात्रभर खोकले. हातमोजे मात्र नकोत. मोज्यात बोटांना पानाची जाडी कळत नाही आणि कडा फाटते. साबणानं धुतलेले कोरडे हात बरे. मऊ ब्रश पाठीकडून कडेकडे, एकाच दिशेनं फिरवायचा. गंजलेल्या टाचण्या ओढायच्या नाहीत. टाचणीखाली जाड कागदाची पट्टी सरकवायची, मागचे पाय हळू उचलायचे, मग ती सुटते. चिकटलेली पानं मी सोडवली नाहीत. टिपकागद घालून, वर हलकं वजन ठेवून दोन आठवडे तशीच राहू दिली, आणि त्यातली बरीच आपोआप सुटली. ओला कागद उन्हात वाळवायचा नाही, तो वाकडा होतो आणि शाई उडते.

कसरीनं सगळ्यात जास्त खाल्लं होतं ते खळ लावलेलं: चोपड्यांच्या पाठी, वरच्या चिठ्ठ्या. मजकूर बहुतेक शाबूत. खरं नुकसान केलं होतं ते कुणीतरी चांगल्या हेतूनं चिकटवलेल्या सेलोटेपनं. टेप वाळून निघून गेली होती, पण तिचा गोंद कागदात उतरून ओळीच्या ओळी तपकिरी झाल्या होत्या. फाटलेल्या पानांना आम्ही पातळ जपानी टिश्यूच्या पट्ट्या गव्हाच्या खळीनं लावल्या, त्याही फक्त जिथं पान पलटताना तुटलंच असतं तिथं. लॅमिनेशन करून घ्या असं तिघांनी सुचवलं. कृपा करून करू नका. प्लास्टिक एकदा बसलं की निघत नाही आणि आतला कागद गुदमरतो.

मोडीचं वेगळंच झालं. पहिल्या तीन चोपड्या बहुतांश मोडीत. २०२३ च्या हिवाळ्यात महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध जोरात सुरू झाला होता आणि मोडी वाचणाऱ्यांना श्वास घ्यायला उसंत नव्हती. पाच जणांना फोन केले, सगळे गुंतलेले. शेवटी कोल्हापूरकडचे एक निवृत्त गुरुजी फेब्रुवारीत आले. येण्याजाण्याचे ९०० रुपये घेतले, वर एक पैसा घेतला नाही. दोन दुपारी बसून त्यांनी नुसते मथळे, तारखा आणि विषय सांगितले आणि मी लिहून घेतले. "पूर्ण लिप्यंतराच्या मागं लागू नका, बाई. कुठल्या पानावर काय आहे एवढं कळलं तर पुढचा माणूस वाचेल," असं ते म्हणाले. त्यांचं ऐकलं म्हणून हे काम पुरं झालं.

१६ मार्च २०२४ हा तिसरा शनिवार. आम्ही एकतिसाव्या चोपडीवर होतो. दुपारी तीनच्या सुमारास लोकसभेच्या तारखा जाहीर झाल्या आणि आचारसंहिता लागली. पीडीओ सर निवडणुकीच्या कामावर, खोलीची किल्ली त्यांच्याकडं. जूनमध्ये आचारसंहिता उठली तोवर पाऊस आला. दमट हवेत जुने कागद उघडायचे नाहीत, हे आता मलाच पटलेलं होतं. पण जुलैच्या त्या रात्री, कौलांवर पाऊस वाजायला लागला की झोप लागत नसे. कपाट भिंतीपासून दूर, विटांवर ठेवून घेतलं होतं, वर ताडपत्री होती. तरीही मी दर आठवड्याला जाऊन हात लावून बघत होते.

१६ नोव्हेंबरला उरलेल्या सात चोपड्या साफ केल्या आणि ३० नोव्हेंबरपासून फोटो सुरू.

इथं थोडा हिशेब सांगते, कारण माझी पहिली समजूत चुकीची होती. मला वाटलं होतं मोबाइल पुरेल. फुलस्केप चोपडी उघडली की साधारण १७ इंच बाय साडेतेरा इंच होते. एका इंचात ३०० ठिपके हवे असतील तर एका फोटोला वीस मेगापिक्सेल लागतात. माझ्या मोबाइलचे बारा. पान मोठं करून बघितलं की काने-मात्रा फुटत होत्या. माझा भाचा लग्नांचे फोटो काढतो, त्याच्याकडं चोवीस मेगापिक्सेलचा जुना कॅमेरा होता. लग्नसराईत तो स्वतः येऊ शकत नव्हता, पण कॅमेरा दिला आणि एका रविवारी शिकवून गेला. फ्लॅटबेड स्कॅनरवर चोपडी पालथी दाबली तर पाठ मोडते, त्यामुळं तो विचार सोडलाच. गावातल्या सुतारमामांनी प्लायवूड आणि पाइपचा स्टँड केला, कॅमेरा वरून सरळ खाली बघणारा. दोन्ही बाजूंना एलईडी पट्ट्या, पंचेचाळीस अंशात. चोपडीच्या पाठीखाली दोन्हीकडं दुमडलेलं कापड, म्हणजे ती पूर्ण सपाट उघडावी लागत नाही. प्रत्येक चोपडीचा पहिला फोटो क्रमांकाच्या चिठ्ठीचा, सोबत मोजपट्टी.

दहा शनिवार, २,९३० फोटो. कारकून बैलहोंगलकडचे, घरची भाषा कन्नड. सुरुवातीला ते खुर्ची टाकून नुसते बघत. तिसऱ्या शनिवारी मी कन्नड चोपडीची तारीख चुकीची वाचली तेव्हा ते उठून आले, "टीचर, ते सात न्हवं, एक हाय. कन्नडचा एक." त्या दिवसापासून पानं तेच उलटायचे. माझ्याहून हलका हात आहे त्यांचा.

पानं बघता बघता एक गोष्ट लक्षात आली. आमच्या पंचायतीच्या प्रमुखाच्या पदाचं नाव तीन वेळा बदललं. मुंबई प्रांतातल्या कायद्याखाली सरपंच. १९५९ च्या म्हैसूर कायद्यानंतर चेअरमन. १९८७ मध्ये मंडल पंचायती आल्या तेव्हा प्रधान. १९९३ च्या कायद्यापासून अध्यक्ष. आणि १ नोव्हेंबर १९५६ ला, ज्या दिवशी आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, त्याच्या आसपासची पानं मी धडधडत उघडली. नोव्हेंबरच्या सभेत एकच विषय आहे: विहिरीच्या रहाटाचा दोर. छापील मथळ्यातलं 'मुंबई राज्य' पुढं कितीतरी महिने तसंच आहे, मग कुणीतरी ते एका रेघेनं खोडलं आणि वर काही लिहिलंच नाही. हिशेबाच्या चोपडीत तर बदल डोळ्यांनी मोजता येतो. ३१ मार्च १९५७ पर्यंत रुपये, आणे, पै असे तीन रकाने. १ एप्रिलपासून नवे पैसे आले, तर लिहिणाऱ्यानं तिसऱ्या रकान्यावर खालपर्यंत वेलांटीसारखी रेघ मारली आणि दोनच वापरले. अक्षर तेच. शाई तीच. १९६४ पासून मधे मधे कन्नड येतं, पुढं पूर्ण कन्नड.

आणि एक पान. १९६६ मधलं. त्या काळच्या सभांच्या खाली सह्यांमध्ये एका बाईंचा अंगठा आहे, शेजारी दुसऱ्याच्या अक्षरात 'नि. डा. हा. अं.', म्हणजे निशाणी डाव्या हाताचा अंगठा. नाव लिहिलंय ते 'अमक्याची बायको' असं. पाच वर्षं प्रत्येक सभेला हजर, कुठंच सूचक नाही, अनुमोदक नाही. फक्त या एका ठरावात सूचक म्हणून त्या आहेत: नदीच्या वाटेवर, वळणापाशी कंदील लावावा, बायकांना पहाटे अंधारात जावं लागतं. ठराव सर्वानुमते मंजूर, रॉकेलला दरमहा खर्च मंजूर. इतर पानांवरचे अंगठे निळसर पुसट आहेत. हा जांभळा, दाबून उमटवलेला, प्रत्येक रेघ मोजता येईल असा, आणि डावीकडं किंचित ओढला गेलेला. कारकुनांनी पान उलटायला हात घातला होता, तो तसाच थांबला. त्या वळणाला आमच्याकडं आजही 'कंदिलाचं वळण' म्हणतात. का म्हणतात, हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. त्या पानाची छापील प्रत मी त्या अंगठेवाल्या बाईंच्या सूनबाईंना नेऊन दिली. त्यांनी ती वाचून घेतली, मग पुन्हा एकदा वाचायला लावली.

शेवटचा फोटो २९ मार्च २०२५ ला. दुसऱ्या दिवशी पाडवा होता, कारकुनांचा उगादी. त्यांनी डब्यातून होळगी आणली होती, आमच्या पुरणपोळीचीच बहीण.

संगणकाकडून एक अपेक्षा ठेवू नका. छापील मराठी-कन्नड यंत्राला बऱ्यापैकी वाचता येतं, पण हातच्या अक्षरापुढं आणि मोडीपुढं आमच्याकडं काही चाललं नाही. म्हणून ठरावांच्या १४ चोपड्यांतल्या ६१२ सभांची तारीख, पान आणि विषय मी हातानं टंकले, मराठीत. शेजारच्या रकान्यात कन्नड आमच्या सरांनी. एप्रिलमधले सगळे संध्याकाळचे तास त्यात गेले. फाइलींना नाव देताना चोपडीचा क्रमांक आणि पानाचा क्रमांक एवढंच ठेवा. मजकूर नावात घालायला गेलात तर शंभराव्या फाइलीनंतर गोंधळ होतो.

काही गोष्टी आम्ही मुद्दाम केल्या नाहीत. कपाटात जन्म-मृत्यूच्या नोंदींची दोन जुनी बाडं होती, त्यात जात आणि मृत्यूचं कारण लिहिलेलं. त्यांचे फोटो काढले नाहीत. घरपट्टी थकलेल्यांच्या याद्यांचे काढले, पण ते इंटरनेटवर टाकायचे नाहीत असं पंचायतीला लिहून दिलं. कुणाच्या आजोबांनी १९५८ मध्ये दीड रुपया थकवला हे आज गावभर कशाला व्हायला हवं?

एकूण खर्च १३,१०० रुपये. त्यात मोठा वाटा दोन हार्ड डिस्कचा, ८,४००. जपानी टिश्यू १,१००, मांजरपाट ८४०, स्टँड ६५०, दिवे ४८०, मास्क, ब्रश आणि छपाईला मिळून सातशेवीस, गुरुजींचा प्रवास वर सांगितला तो, आणि माहिती अधिकाराचे दहा. पाच हजार मी घातले, तीन हजार भजनी मंडळानं दिले, बाकी पुण्या-मुंबईला असलेल्या गावच्या मंडळींनी. एक डिस्क पंचायतीत, एक आमच्या हायस्कूलच्या कपाटात, आणि तिसरी प्रत भाच्याकडं त्याच्या जुन्या डिस्कवर, बेळगावात. तीन जागा ठेवा, आणि त्यातली एक गावाबाहेर.

२१ एप्रिलला सगळं पंचायतीच्या ताब्यात दिलं, पोच घेतली. चोपड्या आता लोखंडी कपाटात आहेत, प्रत्येक मांजरपाटात बांधलेली, रुमालाला क्रमांकाची चिठ्ठी, मधे वेखंडाच्या पुरचुंड्या. पाठ निघालेली ती पहिली चोपडी दोन पुठ्ठ्यांमध्ये सुती फितीनं बांधली आहे.

ऑगस्टमध्ये पाऊस कमी झाल्यावर बघायला गेले. कपाट कोरडं होतं. दाराच्या आतून आमची यादी चिकटवलेली आहे. शेवटची ओळ अडतिसावी होती. तिच्याखाली कन्नडमध्ये, कारकुनांच्या अक्षरात, एकोणचाळिसावी ओळ होती: १९९४ ची ठरावाची चोपडी, पानं १९२, अवस्था बरी.